ठिपक्यापुढची मोकळी जागा

टाइपरायटरवर पूर्णविराम मारायचं काम उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाकडं असतं. सगळी नोकरी टाइपिस्ट म्हणून काढल्यावर हे बोट बाकीच्यांपेक्षा शहाणं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीची बोटं दणादण आपटली तरी खपून जातं. या बोटानं मात्र हात राखून वागायचं. अक्षराचा खिळा रुंद असतो, त्याचा मार कागदावर पसरतो. ठिपक्याचा खिळा म्हणजे सुईचं टोक, सगळा जोर एकाच जागी. जरा जास्त लागला की कागदाला भोक. माझ्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे बजावलं, आणि प्रत्येकानं पहिल्याच दिवशी कागदाची चाळणी केली.

लोकांना वाटतं, टाइपिस्ट म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं बडवणारा माणूस. बडवायचं तर असतंच. पण लिहिणाऱ्यानं कुठं थांबायचं ते पुष्कळदा ठरवलेलंच नसतं, आणि ते ठरवायची पाळी आमच्यावर येते. इंग्रजीचा नियम तसा सोपा आहे. एक गोष्ट सांगून झाली की ठिपका द्यायचा, दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायची आणि पुढची गोष्ट मोठ्या अक्षरानं सुरू करायची. एवढंच. पण हे एवढंच शिकवताना माझे केस पिकले आहेत, तेव्हा सोपं म्हणणाऱ्याला मी लांबूनच नमस्कार करतो.

कचेरीबाहेरची कामंही मी घेत असे. शिवाजी पेठेत एक वकील होते. ते मजकूर सांगताना तोंडानं ‘फुलस्टॉप’ कधी म्हणायचे नाहीत. हातात तपकिरीची डबी असायची, वाक्य संपलं की तिच्या झाकणावर टिचकी मारायची. मी टिचकी ऐकून ठिपका द्यायचो. एकदा शाहूवाडीचा एक भातशेतकरी पक्षकार म्हणून समोर बसला होता. त्याला वाटलं, प्रत्येक टिचकीला आपल्या बाजूचा एकेक मुद्दा वकीलसाहेब पक्का करताहेत. तो दर टिचकीला समाधानानं मान हलवत होता. अर्ज संपला तेव्हा तो मला म्हणाला की वकील झकास आहे, लई मुद्दे निघाले. गुळाच्या पेठेतला एक व्यापारी तर टाइप केलेलं पत्र डोळ्यांसमोर धरून तक्रार करायचा की ठिपके कमी पडलेत. मुंबईच्या कंपन्यांच्या पत्रात कसे पदोपदी ठिपके असतात, तसं भरलेलं पत्र त्याला पाहिजे होतं. ते ठिपके नावांच्या आद्याक्षरांचे असतात हे मी त्याला दर पत्राला समजावलं आणि दर पत्राला तो नाराज होऊन गेला.

पण मला सांगायचंय ते आण्णांबद्दल.

संस्थान विलीन झालं आणि आमच्या कचेरीचं रूपच पालटलं. दरबारचा कारभार मराठीत चाले आणि जुन्या कारकुनांचा हात मोडीवर बसलेला. आता वरून येणारा कागद इंग्रजी आणि वर जाणारा कागदही इंग्रजी. मग हुकूम निघाला की कारकुनाच्या जागेवर राहायचं असेल तर इंग्रजी मसुदा लिहिण्याची परीक्षा द्यावी लागेल. संधी तीन. तिन्हींत नापास झालेल्यानं टेबलखुर्ची सोडायची आणि खाली दप्तरखान्यात गठ्ठे बांधायला, उचलायला जायचं. आमचे नवे साहेब मुंबईकडचे होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. त्यांनी मला बोलावून सांगितलं की कचेरी सुटल्यावर तासभर या मंडळींना शिकवा. मी पंचविशीतला आणि शिकणारे सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळे फेटेवाले उठून उभे राहिले.

आण्णाप्पा मगदूम हे त्यांतले सगळ्यात वडीलधारे. मूळ शिरोळकडचे, घरात निम्मं कानडी. आवाज असा की ते कुजबुजले तरी जिन्यात ऐकू जायचं. मोडीचं अक्षर मात्र बघत राहावं असं. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढायचे, मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरं सोडत जायचे, ओळ संपेपर्यंत हात उचलायचे नाहीत. मोडीत शब्दाशब्दांत फट नसते, वाक्य संपलं म्हणून खूण नसते. सगळा मजकूर संपला की एकदाच शेवटची खूण, मोर्तब. त्याच्या पुढं कुणी काही लिहायचं नाही.

या माणसाला मी इंग्रजी ठिपका शिकवायला बसलो. इंग्रजी शब्द त्यांना पुष्कळ येत होते, चार यत्ता झाल्या होत्या आणि वाचन होतं. वाक्यही धड लिहायचे. अडचण एकच, ते वाक्य पान संपेपर्यंत संपायचं नाही. अर्जदार कोण, त्याची जमीन कुठं, भाऊ कधी वारला, तलाठी काय म्हणाला, सगळं एका दमात. मी लाल पेन्सिलीनं ठिपके टाकत जायचो. ते बघत बसायचे. मग त्यांचे सवाल सुरू व्हायचे. ‘मिस्टर’ला ठिपका का, वाक्य तर संपलेलं नाही. ‘नंबर’ला का. राजमान्य राजश्री लिहिताना आम्ही नुसतं रा रा लिहितो, तिथं ठिपका देत नाही, म्हणून कुणी रुसून बसल्याचं ऐकलं नाही. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, पण आतून जीव थोडा व्हायचा, कारण परीक्षा जवळ येत होती.

पहिल्या परीक्षेत आण्णा नापास झाले. दुसरीतही झाले. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेला पाटील नावाचा कारकून पहिल्याच झटक्यात पास झाला आणि आण्णांच्या पलीकडच्या टेबलाचा हेडक्लार्क झाला. चांगला मुलगा होता. आण्णा दिसले की अजूनही खुर्चीतून उठायचा, आणि तेच आण्णांना जास्त लागायचं.

दुसरा निकाल लागला त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते एकटेच मागं राहिले. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. त्यांना बोडक्या डोक्यानं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “ज्या पोरास्नी मी तीस वर्सं गठ्ठं आनाय लावलं, त्यास्नी आता मी गठ्ठं आनून देऊ व्हय?”

मी उगाच त्यांचे सरावाचे कागद चाळत बसलो. आणि चाळता चाळता एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती इतके दिवस कशी दिसली नाही कोण जाणे. अलीकडच्या कागदांत आण्णांनी ठिपके दिले होते. अगदी जागच्या जागी दिले होते. पण ठिपक्याला चिकटूनच पुढचं अक्षर सुरू केलेलं, मधे केसाइतकी फट नाही. ओळीच्या शेवटी जागा उरली असेल तर तिथं कडेपर्यंत रेघ ओढलेली. तपासणाऱ्याला ठिपका दिसणार कसा? त्या गर्दीत तो बुडून गेला होता. म्हणजे आण्णांना थांबायचं कुठं ते कळत होतं. नडत होती ती पुढची मोकळी जागा.

मी विचारलं की आण्णा, ठिपक्यापुढं जागा का सोडत नाही तुम्ही? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना धोतर सोडायला सांगतोय.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडीलही दरबारात मोडी लिहायचे. एकदा वाटणीच्या एका कागदात त्यांच्या हातून ओळीच्या मधे बोटभर जागा सुटली. घाईचा दिवस होता, सुटली. पुढं कुणीतरी त्या जागेत एक नाव घुसवलं, आणि एका बाईच्या वाट्याची जमीन दिराच्या घशात गेली. चौकशी झाली. घुसवणारा सापडला नाही. आण्णांच्या वडिलांनी चोरी केली असं कुणी म्हटलं नाही. जागा सोडली एवढंच म्हटलं, आणि त्यांना लिहिण्यावरून उठवलं.

“बाऽनं परत बोरूला हात लावला न्हाय,” आण्णा म्हणाले. “मला लिवाय बसवताना एकच गोष्ट शिकीवली. कागदात मोकळी जागा सोडायची न्हाय. सोडली की तितं कोन तरी येऊन बसतंय. आनि तुमी म्हंतायसा, दर वाक्याला सोडा.”

खरं सांगतो, मी शिकलो ते पुस्तकातून. ठिपक्यानंतर दोन अक्षरांची जागा का सोडायची, याचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. वाचणाऱ्याला बरं पडतं म्हणून, असं मी काहीतरी म्हणालो. आण्णांच्या चेहऱ्यावर ते पोचल्याची खूण दिसली नाही. बापाच्या शब्दापुढं वाचणाऱ्याची सोय किती टिकणार!

चार-पाच दिवस ते डोक्यातून जाईना. रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी तेच. एक दिवस दुपारी टाइप केलेला कागद मशीनमधून काढताना अंगठा त्याच्या मागच्या बाजूवरून फिरला आणि खडबडीत ठिपके हाताला लागले. हे मला रोज लागत होतं. टाइप केलेल्या कागदाच्या पाठीवर पूर्णविराम उठलेला असतो, आंधळ्यालासुद्धा मोजता येतो. मी तसाच उठलो आणि आण्णांच्या टेबलाशी गेलो. कागद पालथा घातला, त्यांचा अंगठा धरून त्यावरून फिरवला. मग खिडकीशी नेऊन कागद उजेडात धरला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कागद विरळ होऊन बारीक उजेड दिसत होता. मी त्यांना म्हणालो की हा नुसता शाईचा ठिपका नाही, कागदात रुतलेली खूण आहे. याच्या पुढं कुणी काही घुसवलं तर पुढचं मोठं अक्षर चुगली करेल आणि पाठीवरची खूण साक्ष देईल. तुमचं मोर्तब कागदाला एकदाच असतं. इथं दर वाक्याला आहे.

आण्णांनी कागद पुन्हा पालथा घातला. अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला, एकदा, दोनदा. पाटीलही लांबून बघत होता.

“ह्यो शिक्का हाय व्हय!” ते म्हणाले. “मग आधी सांगायचं न्हाय? मी आपलं समजतोय, माशी बसलीया.”

माझं ते बोलणं कायद्याच्या कसोटीला कितपत उतरेल, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून आण्णांचा हात सुटला. टाकानं ठिपका द्यायचे तो असा दाबून की टेबलावर अंथरलेल्या बनातीच्या कापडात शाई उतरायची. ठिपका दिला की टाक उचलायचे, अंगठ्यानं चाचपायचे, आणि मगच पुढं दोन अक्षरांची जागा सोडायचे. सोडताना चेहरा मात्र दाराला कडी न लावता गावाला निघालेल्या माणसासारखा असायचा.

तिसऱ्या परीक्षेला मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. माझं तिथं काही काम नव्हतं. आतून टाकांची कुरकुर ऐकू येत होती, आणि मधूनच एक ‘टक्’. तो आण्णांचा ठिपका. पाच-सहा टक् ऐकले आणि मी चहाला गेलो.

आण्णा पास झाले. साहेबांनी मला त्यांची उत्तरपत्रिका दाखवली आणि हसत विचारलं की हे गृहस्थ लिहितात की दाभणानं शिवतात? पानाला भोकंच भोकं होती. पण तपासणाऱ्यानं ठिपक्यांपैकी एकावरही लाल खूण केली नव्हती. आण्णांनी खुर्चीवर बसूनच आमच्या सगळ्यांना पेढे वाटले. पाटलाला दोन दिले. पाटील याही वेळी उठला, आणि या वेळी आण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

इथं थांबायला मला आवडलं असतं. पण थोडं राहिलंय.

वर्ष-सव्वा वर्षानं साहेबांनी मला आणि आण्णांना एकत्र बोलावलं. मोडीचं काम कायमचं बंद करायचं ठरलं होतं. सगळे मोडी रुमाल, म्हणजे तांबड्या खारव्याच्या फडक्यात बांधलेले कागद, कुलपाआड ठेवायचे. यापुढं कुठल्याही तालुक्यानं मोडीत लिहिलेला कागद पाठवायचा नाही. तसा इंग्रजी हुकूम सगळ्या तालुक्यांना जायचा होता. साहेब म्हणाले की मगदूमांनीच मसुदा करावा, दप्तरात काय काय आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. साहेबांनी हे कौतुकानंच म्हटलं. आण्णा हो म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

ती सगळी दुपार ते लिहीत होते. मी तिकडं बघायचं टाळत होतो. उन्हं उतरायला लागली तेव्हा मसुदा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि तपासा म्हणाले. मी लाल पेन्सिल घेऊन वाचला. कुठला रुमाल कुठल्या कपाटात, कुलपाच्या किल्ल्या कुणाकडं, यापुढं कुणी काय करायचं नाही, सगळं छोट्या छोट्या वाक्यांत. प्रत्येक ठिपका जागच्या जागी. प्रत्येकाच्या पुढं मोकळी जागा. माझी पेन्सिल एकदाही कागदाला टेकली नाही. त्याआधी किंवा त्यानंतरही माझ्या कुठल्या विद्यार्थ्यानं असा स्वच्छ कागद दिला नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

हुकूम पुष्कळ ठिकाणी जायचा म्हणून स्टेन्सिल कापायची होती. तिची गोष्ट अशी, की मेणाच्या पातळ कागदावर शाईची फीत न लावता टाइप करायचं. अक्षरांच्या जागी मेण कापलं जातं आणि त्या फटींतून शाई पाझरून खालच्या कागदांवर प्रती निघतात. इथं ठिपक्याला तर निजलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं बोट लावायचं. जरा जोर झाला की मेण फाटतं, आणि प्रत्येक प्रतीवर काळा डाग उमटतो. मी स्टेन्सिली कापण्यात नावाजलेला होतो. माझ्या प्रतीवर डाग कुणी पाहिला नव्हता.

आण्णा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी एकेक वाक्य कापत गेलो. शेवटचं वाक्य आलं. ते कापलं आणि बोट ठिपक्याच्या कळीवर नेलं, तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

“मास्तर, ह्यो येवढा जरा जोरात मारा.”

मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. ते शहाणं बोट मी उचललं आणि सगळा हात घालून कळ हाणली. ठिपका मेणातून आरपार गेला.

प्रती निघाल्या. प्रत्येकीवर, अगदी शेवटी, ज्वारीच्या दाण्याएवढा काळाभोर डाग, ओला चमकत होता. साहेबांनी एक प्रत माझ्यापुढं टाकून विचारलं की हे काय, तुमच्या हातचं? मी म्हणालो की दुसरी कापतो, पण मग आजचं टपाल चुकेल. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि सही करायला बसले. शाहूवाडीपासून शिरोळपर्यंत तो हुकूम तसाच गेला.

आण्णांनी एक वाया गेलेली प्रत उचलली. डागावर अंगठा दाबला. अंगठा उलटा करून काळी शाई बघत राहिले.

“मोर्तब झालं,” ते म्हणाले. “आता ह्यात कुनाला कायबी घालता यायचं न्हाय.”

मग ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. अंगठा धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुढचा कागद ओढला. कुठल्याशा गावच्या पाणंदीच्या वाटेचा अर्ज होता, त्याचं इंग्रजी उत्तर करायचं होतं. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, ठिपका दिला आणि टाक उचलला. या वेळी अंगठ्यानं चाचपून बघितलं नाही. पुढं दोन अक्षरांची जागा मोकळी सोडली आणि दुसरं वाक्य लिहायला घेतलं.